कॉम्रेड्स मॅरेथॉन: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये दरवर्षी होणारी कॉम्रेड्स ही जगातली सर्वांत जुनी अल्ट्रा मॅरेथॉन, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची शर्यत. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने ती 1921 मध्ये सुरू केली, तेव्हा 34 जण धावले होते. आता हजारो धावतात आणि परदेशी धावपटूंमध्ये भारतीयांचा गट मोठा असतो. मुंबई, पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूरकडून जाणारे त्यात भरपूर असल्यामुळे दर पावसाळ्यानंतर नोंदणीची विचारणा सुरू होते.

अंतर साधारण 85 ते 90 किलोमीटर, वेळ 12 तास. एका वर्षी समुद्रकिनाऱ्यावरच्या डर्बनहून चढत जायचं, ती अप रन; उलट दिशेने ती डाउन रन. चालायला पूर्ण मुभा आहे. पॉली शॉर्ट्स किंवा इंचांगाच्या चढावर मधल्या-मागच्या गटातले बहुतेक सगळे चालतातच. त्यामुळे ‘आपण फार वेगवान नाही’ या कारणाने कुणी अर्ज टाळू नये. मात्र वाटेत ठिकठिकाणी कट-ऑफ आहेत. तिथे ठरलेल्या वेळेत पोहोचला नाहीत तर शर्यत तिथेच थांबवावी लागते.

पात्रता

वयाची अट एकच: शर्यतीच्या दिवशी 20 वर्षं पूर्ण हवीत.

खरी अट क्वालिफाइंगची आहे. ठरवून दिलेल्या मुदतीत मान्यताप्राप्त पूर्ण मॅरेथॉन (42.2 किलोमीटर) पार केलेली असावी लागते. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी 4 तास 50 मिनिटांच्या आतली वेळ लागली आहे. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीही चालतात, त्यांच्या वेळा वेगळ्या. मुदत आणि वेळ दोन्ही बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा. मित्राने गेल्या वर्षी काय केलं, ते या वर्षी लागू असेलच असं नाही.

नोंदणी आधी होते आणि क्वालिफाइंगची वेळ नंतर भरता येते, हे अनेकांना माहीत नसतं. नोंदणी सहसा ऑक्टोबरच्या सुमारास उघडते, जागा मर्यादित असतात. तोवर मॅरेथॉन झालेली नसली तरी अर्ज करून टाका. मग जानेवारीतली मुंबई किंवा फेब्रुवारीतली नवी दिल्ली मॅरेथॉन धावून वेळ नोंदवता येते. माझा आग्रह इतकाच, की फक्त मुंबईवर विसंबू नका. त्या दिवशी दमट हवेने दगा दिला, तर पुढे ऊन वाढत जातं आणि हाताशी फार थोड्या शर्यती उरतात. क्वालिफाइंगच्या वेळेवरूनच सुरुवातीला उभं राहण्याचा गट ठरतो, त्यामुळे जमेल तितकी चांगली वेळ द्या. हजारोंच्या गर्दीत मागे उभं राहणाऱ्याची पहिली काही मिनिटं रेंगाळण्यातच जातात.

अर्ज भरताना

अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. क्वालिफाइंग शर्यतीच्या निकालातही तेच नाव असू द्या. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव असेल, तर पडताळणीत विनाकारण पत्रव्यवहार वाढतो. आणीबाणीच्या वेळी कुणाशी संपर्क साधायचा आणि कोणते आजार आहेत, हे रकाने मनापासून भरा. रक्तदाब, मधुमेह, दमा लपवू नका. वाटेतल्या डॉक्टरांना हीच माहिती कामी येते. शुल्क ऑनलाइन भरायचं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवा.

प्रवासाची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेसाठी व्हिसा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान 30 दिवस वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. व्हिसाच्या अर्जाला नोंदणीची पावती, विमानाचं आरक्षण, राहण्याची सोय आणि बँकेची विवरणपत्रं जोडा; नोकरी असेल तर रजेचं पत्रही. शर्यत सहसा जूनमध्ये असते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये कागद गोळा करून अर्ज द्यावा, मे उजाडू देऊ नये.

पिवळ्या तापाच्या लसीचा मुद्दा हमखास निसटतो. थेट भारतातून जाणाऱ्याला ती लागत नाही. पण स्वस्त तिकिटं बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात. या तापाचा धोका असलेल्या देशाच्या विमानतळावर 12 तासांहून अधिक थांबलात, तर लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ते वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. तिकीट काढतानाच मधल्या थांब्याची वेळ तपासा.

बिब

शर्यतीच्या आधीचे काही दिवस डर्बनमध्ये एक्स्पो, म्हणजे धावपटूंसाठीचं प्रदर्शन भरतो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, तिथे स्वतः जाऊन घ्यायचा. मूळ पासपोर्ट आणि नोंदणीची पुष्टी सोबत ठेवा. शर्यतीच्या दोन दिवस आधी पोहोचलात तर विमान लांबलं तरी हातात एक दिवस राहतो. डाउन रनचं वर्ष असेल तर पहाटे पीटरमॅरिट्झबर्गला नेणाऱ्या बसची जागाही आगाऊ राखून ठेवा. रोज घ्यायची औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.