रोधक की शोषक: सांगलीतल्या कार्पेटची पार्श्वभूमी

बैठकीला जाजम, सतरंजी आणि आटपाडी-जतकडचं दख्खनी लोकरीचं घोंगडं पूर्वापार होतं. बदल घडवला तो फरशीने. शहाबादी मागे पडली, मोझॅइक गेली, 2000 नंतर बँका, दवाखाने, अभ्यासिका सगळीकडे विट्रिफाइड टाइल आली. वर जिप्समचं छत, भोवती काच. सगळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडक. काउंटरवर टोकन नंबर पुकारला तरी मागच्या बाकावर शब्द विरून पोचतो. कार्पेटची मागणी इथून सुरू झाली.

मागणी मात्र 'ध्वनिरोधक' कार्पेटची होते, आणि घोटाळा तिथेच आहे. रोधक म्हणजे पलीकडचा आवाज अलीकडे येऊ न देणारं. त्याला वजन लागतं, जाड भिंत लागते. शोषक म्हणजे खोलीत उठलेला आवाज मुरवून घेणारं. त्याला सच्छिद्रपणा लागतो. कार्पेट या दुसऱ्या जातीचं. शोषणाचा गुणांक (0 म्हणजे काहीच न मुरवणं, 1 म्हणजे सगळं मुरवणं) 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झवरच्या मोजणीची सरासरी असतो. काँक्रीटवर थेट चिकटवलेल्या पातळ कार्पेटचा तो साधारण 0.2 ते 0.3 भरतो, खाली फेल्टचा थर दिला की वाढतो. तेही वरच्या पट्टीत. जनरेटरची घरघर जवळपास तशीच राहते. पावलांचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाऊ न देण्यात मात्र कार्पेट खरोखर सरस आहे, आणि तेवढ्यापुरता 'रोधक' शब्द मला मान्य आहे. ज्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, कानाने जुळवतात, तिथे बाकी सगळा फरक पुसला जावा हे खटकतं.

50 सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल आता रूढ आहेत. ही पद्धत युरोपात 1950 च्या दशकात रुजली. पर्यावरणाचा विचार 1990 नंतरचा. कार्पेटच्या धाग्यातलं नायलॉन 6 (नायलॉनचा एक प्रकार) वितळवून, विघटित करून त्याच्या मूळ रसायनापर्यंत नेता येतं आणि पुन्हा धागा काढता येतो. नायलॉन 6,6 ला ते अवघड जातं. धागा वितळवण्याआधी टाइलचा डांबराचा किंवा पीव्हीसीचा मागचा थर सोडवावा लागतो.

आपल्याकडे याला कृष्णेचीही बाजू आहे. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. पुराचा गाळ मुरलेलं सलग कार्पेट धुऊन वाळवणं जमत नाही, ते कचऱ्यातच जातं. सुटी टाइल पाणी चढायच्या आत उचलून वरच्या मजल्यावर नेता येते, फक्त ती सरसकट डिंकाने चिकटवलेली नसावी.