आर्किटेक्ट व्हायला पाच वर्षंच का लागतात?

बारावी झाल्यावर घरात पहिला प्रश्न हाच येतो, की इंजिनिअरिंग चार वर्षांत उरकतं मग आर्किटेक्चरला पाच कशाला? तर हा पाचाचा आकडा तसा फार जुना नाहीये, निदान कायद्यात तरी.

मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. पण तिथे १८९६ मध्ये सुरू झाले ते ड्राफ्ट्समनचे क्लास, म्हणजे साहेब लोकांच्या ऑफिसात नकाशे काढायला हाताखाली माणसं हवी होती म्हणून. आर्किटेक्चरचा वेगळा विभाग १९१३ चा, आणि त्याला खरा आकार दिला क्लॉड बॅटलीने (मुंबई सेंट्रल स्टेशन आणि जिना हाऊसवाला तोच). तो १९२३ ते १९४३ तिथला प्रमुख होता. दरम्यान तिथल्याच माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये जी संघटना काढली तीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली.

गंमत म्हणजे तेव्हा डिप्लोमा नसला तरी कुणी अडवत नव्हतं, एखाद्या सीनियरच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर वर्षानुवर्षं घासायची, कामं मिळायला लागली की स्वतःची पाटी लावायची. पुण्याचे बाळकृष्ण दोशीच बघा ना, १९४७ ला जे.जे.त गेले, कोर्स पूर्ण न करताच १९५० ला लंडनला निघाले, आणि मग पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या हाताखाली शिकले. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळाला, भारतातला पहिला!

हे सगळं बदललं आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ मुळे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली, रजिस्ट्रेशन नंबर आला आणि नावामागे आर्किटेक्ट लावायचं तर तो नंबर पाहिजे असं ठरलं. पण जे आधीच धंद्यात होते त्यांचं काय, तर डिग्री नसली तरी पाच वर्षं प्रॅक्टिस केली असेल तर पहिल्या रजिस्टरमध्ये नाव घालायची सोय कायद्यातच ठेवली होती. तिथेही पाचच, हे मला फार मजेशीर वाटतं.

मग १९८३ च्या नियमांनी किमान पाच वर्षं, दहा सेमिस्टर पक्कं केलं. पहिली तीन वर्षं एक टप्पा, नंतरची दोन दुसरा, आणि त्यातच एक सेमिस्टर ऑफिसात ट्रेनिंग. ट्रेनिंग पाच वर्षांच्या आत असल्यामुळे आपल्याकडे डिग्री हातात आली की सरळ रजिस्ट्रेशनला अर्ज, वेगळी परीक्षा नाही. ब्रिटनमध्ये पार्ट वन (पहिली डिग्री), पार्ट टू (पुढची डिग्री), मधली नोकरी, शेवटी पार्ट थ्री (रजिस्ट्रेशनआधीची परीक्षा) असं धरून साधारण सात वर्षं जायची, त्यामानाने आपण स्वस्तात सुटतो (सबमिशनच्या रात्री जागलेल्यांना हे पटणार नाही, माहितीये).

आणि एवढं करून कायदा वाचवतो काय, तर फक्त नाव. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं, की आर्किटेक्ट हे टायटल रजिस्ट्रेशनशिवाय लावता येणार नाही, पण डिझाइनचं काम करायला या कायद्याने इतरांना बंदी नाही.