ज्यू टाऊन, मट्टांचेरी

केरळमधील कोची शहराच्या मट्टांचेरी या जुन्या भागातील ज्यू वस्ती. दक्षिणोत्तर जाणारा एक अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लागून उभी असलेली दुमजली कौलारू घरे आणि उत्तर टोकाला १५६८ मध्ये बांधलेले परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, एवढाच तिचा पसारा. बहुतेक पर्यटक सिनेगॉग पाहून तिथूनच परत फिरतात. त्यांना दिसते ती वस्तीची सधन बाजू. केरळात पूर्वापार नांदणाऱ्या आणि संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या मलबारी ज्यूंचा ठावठिकाणा त्याच रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेल्यावर लागतो, आणि तिथे आज पाहण्यासारखे फार थोडे उरले आहे.

केरळच्या किनाऱ्यावर ज्यू केव्हा आले याविषयी परंपरा अनेक आहेत. महत्त्वाचा लेखी पुरावा आहे तो इ. स. १००० च्या सुमाराचा. चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला ताम्रपट दिला. त्यात अंजुवण्णम या व्यापारी श्रेणीचा अधिकार, करांतून सूट आणि दिवसा दिवा, पालखी, छत्र, नगारा, कर्णा असे एकूण ७२ मान वंशपरंपरेने बहाल केले आहेत. वतनाचे जुने कागद चाळलेल्या मराठी वाचकाला ही यादी मुळीच परकी वाटणार नाही. हा ताम्रपट परदेसी सिनेगॉगने जपून ठेवला.

त्या काळी ज्यूंचे मुख्य ठाणे कोडुंगल्लूर होते. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, तिथले बंदर गाळाने भरत गेले आणि कोचीचे बंदर पुढे आले. व्यापार सरकला तसे व्यापारीही सरकले. मट्टांचेरीजवळच्या कोचंगाडी येथील सिनेगॉगचा १३४४ च्या सुमाराचा हिब्रू शिलालेख परदेसी सिनेगॉगच्या आवारात भिंतीत बसवलेला आहे; तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोळाव्या शतकात कोडुंगल्लूरवर हल्ले झाले, शिवाय पोर्तुगीजांचा जाच होताच. तेव्हा कोचीच्या राजाने आपल्या वाड्याला लागून ज्यूंना जागा दिली. आजही वाड्याच्या आवारातले देऊळ आणि सिनेगॉग एकमेकांच्या शेजारी आहेत. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी, ज्यूंनी डचांना साथ दिल्याच्या रागात, सिनेगॉगची नासधूस केली. पुढच्याच वर्षी कोची डचांच्या हाती गेले आणि इमारत पुन्हा उभी राहिली.

डच काळ हा वस्तीच्या भरभराटीचा. एझेकिएल राहाबी (१६९४–१७७१) हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा इथला प्रमुख व्यापारी. मिरीच्या सौद्यांपासून राजेरजवाड्यांशी करायच्या बोलण्यांपर्यंत कंपनीचे पान त्याच्यावाचून हलत नसे. सिनेगॉगसमोरचा घड्याळ मनोरा १७६० मध्ये त्यानेच उभारला. मनोऱ्याच्या तबकड्यांवर मल्याळम, रोमन आणि हिब्रू असे वेगवेगळे आकडे आहेत. सिनेगॉगच्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे श्रेयही त्यालाच देतात. फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. नदी, झाड, घर, पूल असा चित्राचा ढाचा वरवर एकच वाटतो, पण वाकून पाहिले की प्रत्येक फटकारा निराळा दिसतो. त्यांच्याविषयी गावात एक गोष्ट सांगतात. फरश्या राजाने स्वतःच्या वाड्यासाठी मागवल्या होत्या. पण त्या घडवताना गाईचे रक्त वापरतात, असे एका चतुर ज्यू व्यापाऱ्याने त्याच्या कानावर घातले आणि माल सिनेगॉगकडे वळवला. गोष्टीला कागदाचा आधार नाही, पण शेजाऱ्याची नस ओळखून धंदा करणाऱ्या गावाला ती शोभते.

आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. जगातल्या बहुतेक सिनेगॉगांत ही पद्धत नाही. केरळात ती देवळांच्या शेजाराने आली असे मानतात. मधोमध पितळी कठड्याचा, तोरा हा ज्यू धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा आहे. वर छताला बेल्जियन काचेची झुंबरे आणि रंगीत काचेचे दिवे टांगलेले आहेत. वरच्या सज्जात, स्त्रियांच्या जागेपुढे, वाचनाचा आणखी एक चौथरा आहे. असा दुहेरी चौथरा ही केरळी सिनेगॉगांची खास ओळख. १९६८ मध्ये सिनेगॉगला ४०० वर्षे झाली, त्या सोहळ्याला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या आणि टपाल खात्याने त्यानिमित्त तिकीटही काढले.

या देखणेपणाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मार्गदर्शकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. परदेसी म्हणजे स्पेन, आलेप्पो, इराक अशा ठिकाणांहून मागाहून आलेली घराणी. ती मूठभर होती. आधीपासून इथे नांदणाऱ्या मलबारी ज्यूंशी ती रोटीबेटी व्यवहार करीत नसत. युरोपीय प्रवाशांनी या दोन गटांना गोरे ज्यू आणि काळे ज्यू अशी नावे चिकटवली आणि ती बराच काळ टिकली. परदेसी घरांतल्या मुक्त केलेल्या दासांचे वंशज हा तिसरा गट. ते प्रार्थनेला याच सिनेगॉगमध्ये येत, पण बरोबरीने बसण्याचा आणि तोरा वाचण्याचा मान त्यांना नव्हता. जातिभेदाचा हा साचा कुठून उचलला, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

या तिसऱ्या गटातले वकील ए. बी. सालेम (१८८२–१९६७) यांनी त्याविरुद्ध लढा दिला. सिनेगॉगच्याच पायऱ्यांवर बसून त्यांनी सत्याग्रह केला. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले. बंधने सैल व्हायला कैक वर्षे लागली. त्यांच्या मुलाने परदेसी घराण्यातल्या मुलीशी लग्न ठरवले, तेव्हा ते लावायला मुंबई गाठावी लागली. वस्तीतल्या रस्त्याला आज सालेम यांचेच नाव आहे.

घड्याळ मनोऱ्याकडे पाठ करून दक्षिणेकडे निघाले की आधी परदेसी घराण्यांची घरे लागतात. काहींच्या खिडक्यांच्या गजांत दाविदाचा षट्कोणी तारा अजून दिसतो. तळमजल्यांवर आता जुन्या वस्तूंची, शालींची, अत्तरांची आणि मसाल्याची दुकाने आहेत. दुकानदारांत काश्मिरी बरेच. दुकानांतल्या ‘पुरातन’ मालापैकी निम्मा तरी अलीकडेच जुना केलेला असावा, तेव्हा जपून. सुंठ आणि मिरीचा वास मात्र अस्सल. याच वस्तीत मिरीच्या वायदेबाजाराची इमारत आहे.

पुढे मलबारी ज्यूंचा भाग सुरू होतो. इथे त्यांची दोन सिनेगॉगे होती. तेक्कुंभागम पाडले गेले. दक्षिण टोकाचे कडवुंभागम सोळाव्या शतकातले. समाज निघून गेल्यावर ते खासगी मालकीचे झाले. त्याचे कोरीव लाकडी छत आणि अंतर्भाग जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेऊन पुन्हा मांडला आहे. मागे राहिलेल्या इमारतीचा दर्शनी भाग २०१९ च्या पावसात कोसळला. मट्टांचेरीचे सर्वांत सुंदर सिनेगॉग पाहायला जेरुसलेमला जावे लागते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कोचीचे ज्यू सगळे मिळून अडीच हजारांच्या आतबाहेर होते. १९५० च्या दशकात मलबारी ज्यू जवळजवळ गावच्या गाव उठून इस्रायलला गेले. तिथे नेवातीमसारख्या शेतकी वसाहतींत ते स्थिरावले. परदेसी घराणी मालमत्तेमुळे थोडी मागे रेंगाळली, मग तीही पांगली. भरतकामाचे दुकान चालवणाऱ्या सारा कोहेन २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी वारल्या, तर क्वीनी हलेगुआ २०२४ मध्ये. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेवढे आता बाहेरगावचे पाहुणे आले तरच जमतात.

महाराष्ट्राचा या वस्तीशी जुना संबंध आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक आले. त्याही आधी डेव्हिड राहाबी नावाच्या गुरूने शनिवार पाळणाऱ्या या तेली समाजाची ज्यू म्हणून ओळख पटवली, अशी त्यांची परंपरा सांगते. हा राहाबी कोचीच्याच घराण्यातला, असे काही अभ्यासक मानतात. मट्टांचेरीतच, चेरळाई भागात, पोर्तुगीज अमलात गोवा सोडून आलेल्या कोकणी भाषक सारस्वतांचे तिरुमल देवस्थान आहे. ज्यू टाऊनच्या फेरीला ते सहज जोडता येते.

सिनेगॉग शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असते, शुक्रवारीही लवकर बंद होते. गुडघे-खांदे झाकणारे कपडे घालावेत. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीपर्यंत बोट आणि पुढे रिक्षा हा सोयीचा मार्ग. कोचंगाडीत सतराव्या शतकाच्या प्रारंभी वारलेल्या नेहेमिया मोटा या ज्यू संताची कबर आहे. तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच मेणबत्त्या लावतात. मलबारी परंपरा पाहायची असेल, तर एक दिवस जास्तीचा काढून चेंदमंगलम आणि परवूर येथे जावे. तिथली सिनेगॉगे केरळ सरकारने दुरुस्त करून संग्रहालये म्हणून खुली केली आहेत.