वर्ख की शिंपल्यातलं सोनं?

मध्ययुगीन युरोपातल्या मठांत तयार झालेल्या सचित्र पोथ्या फोटोत पाहिल्या की सगळं सोनं एकाच जातीचं वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळी कामं असतात. एक वर्ख, म्हणजे कुटून पातळ केलेलं पान. दुसरं शिंपल्यातलं सोनं, म्हणजे डिंकाच्या पाण्यात कालवलेली सोन्याची पूड. ती शिंपल्यात ठेवत, त्यावरून हे नाव पडलं. वर्ख रंगाच्या आधी बसतो, शिंपल्यातलं सोनं बहुतेक वेळा रंगावर सगळ्यात शेवटी येतं. बाकीचे फरक यातूनच निघतात.

वर्ख आधी, कारण रंगातही डिंक किंवा अंड्याचा पांढरा असतो. त्यावर वर्ख नको तिथे चिकटतो, आणि घोटताना शेजारचा रंग खरवडून निघतो.

वर्खाखालचं अस्तर हीच खरी कारागिरी. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या सुमारास दिलेल्या कृतीत भिजवून मऊ केलेलं जिप्सम, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी सफेदा (शिशाचा पांढरा रंग) आणि थोडी खडीसाखर आहे; अशा अस्तरात चिमूटभर लाल मातीही घालत. हे सगळं वाटून अंड्याच्या पांढऱ्यात कालवायचं. माती रंगासाठी: पांढऱ्या चर्मपत्रावर पांढरं अस्तर दिसणार कसं? साखर हवेतली ओल धरते. अस्तर वाळलं की त्यावर तोंडाने वाफ सोडायची, ते क्षणभर चिकट होतं, तेवढ्यात वर्ख टेकवायचा आणि थोड्या वेळाने कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचा. घाईने घोटलं तर अस्तरच उखडतं. साखर कमी पडली तर पान उलटताना अस्तराला भेगा जातात. जास्त झाली तर ते वाळतच नाही. अस्तरात बुडबुडा राहिला तर सोन्यात खड्डा. त्यावर जुन्या कृतींतला उपाय म्हणजे कानातला मळ! किळसवाणा खरा, पण मेणकट पदार्थाने फेस मोडतो.

शिंपल्यातल्या सोन्याची अडचण वेगळीच. सोनं इतकं मऊ की नुसतं खललं तर कण पुन्हा एकमेकांत दाबले जातात. म्हणून मध किंवा मीठ घालून खलायचं, म्हणजे कण सुटे राहतात. मग पाणी घालायचं, सोनं तळाशी बसू द्यायचं, वरचं पाणी ओतायचं; पाणी नितळ येईपर्यंत हेच. शेवटी बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. तो जास्त झाला तर सोनं मातकट दिसतं, कमी पडला तर बोटाला लागतं. तेवढ्याच जागेला यात वर्खापेक्षा कितीतरी जास्त सोनं जातं, तरी आरशासारखी चमक येत नाही. मग हा खटाटोप कशाला? कारण कुंचल्याने केसाएवढी रेघ ओढता येते. पंधराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार झां फूके कपड्यांच्या चुण्यांवर अशाच सोनेरी रेघा ओढतो. वर्खाने ते जमलं नसतं. सोन्याने लिहायची रीत मात्र खूप आधीची: फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्यासाठी 781 ते 783 दरम्यान तयार झालेली, गोडेस्काल्क या लेखनिकाची पोथी जांभळ्या चर्मपत्रावर सोन्या-चांदीच्या शाईने लिहिली आहे.

ओळखायचं असेल तर पान तिरक्या उजेडात धरा. घोटलेला वर्ख एका कोनात लखकन चमकतो, दुसऱ्या कोनात जवळजवळ काळा दिसतो. अस्तर असेल तर सोनं पानावरून किंचित उंच उठलेलं असतं, आणि झिजलेल्या जागी खालचा गुलाबी रंग डोकावतो. शिंपल्यातलं सोनं सगळ्या कोनांतून मंद, भिंगाखाली दाणेदार, आणि कुंचल्याचे फटकारे दिसणारं.

दोन्ही खुणा लागल्या नाहीत तर ते कदाचित सोनंच नसेल. आयर्लंडच्या प्रसिद्ध ‘बुक ऑफ केल्स’ या पोथीत सोन्याचा कणही नाही, तिथला पिवळा रंग हरताळ या खनिजाचा आहे. आपल्याकडे पोथीतली चूक झाकायला जो फासत, तोच हा हरताळ. त्यात गंधक असतं, म्हणून सफेद्याला किंवा तांब्याच्या हिरव्याला लागून भरला तर ते रंग काळे पडतात.