अ‍ॅस्टिल्बीला गुलाबी रंग आला कुठून?

‘अ‍ॅस्टिल्बी’ या ग्रीक नावाचा अर्थ ‘जिला चमक नाही ती’. इंग्लंड-अमेरिकेत बागेच्या ज्या सावलीच्या कोपऱ्यात दुसरं काही धड फुलत नाही, तो कोपरा ऐन उन्हाळ्यात गुलाबी तुऱ्यांनी भरून टाकणाऱ्या झाडाचं हे नाव! कुणी चेष्टाच केली असावी असं वाटतं. पण नाव ठेवणाऱ्यासमोर गुलाबी झाड नव्हतंच.

त्याच्यासमोर होती ती हिमालयातली अ‍ॅस्टिल्बी. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस ब्यूकॅनन-हॅमिल्टन १८०२-०३ मध्ये नेपाळात वनस्पती गोळा करत हिंडला होता. त्याने दिलेलं हे नाव १८२५ मध्ये डेव्हिड डॉनच्या नेपाळी वनस्पतींवरच्या ग्रंथातून छापून आलं. या जातीची फुलं बारीक, फिकट, बहुधा पाकळ्यांवाचूनची. तिच्या नावाचा उत्तरार्ध ‘रिव्ह्युलॅरिस’, म्हणजे ओढ्याकाठची. नेपाळी माणसाला मात्र फुलांपेक्षा तिच्या मुळाशी काम. तिथे ती ‘बुढो ओखती’ म्हणून ओळखली जाते आणि बाळंतिणीला तिचं मूळ औषध म्हणून देतात. आयुर्वेदात पाषाणभेद म्हणून वापरतात ती हिमालयातली बर्जेनियाही याच कुळातली.

युरोपच्या बागांत आधी रुळली ती जपानची पांढरी जात. एकोणिसाव्या शतकात तिचे गड्डे कुंड्यांत लावून, काचघराच्या उबेत वेळेआधी फुलवून विकत. फूलबाजारात तिला सर्रास ‘स्पायरिया’ म्हणायचे. स्पायरिया वेगळीच, गुलाबाच्या कुळातली. पण तुरे सारखे दिसले की बाजाराला तेवढं पुरतं.

गुलाबी रंग आला चीनकडून. चिनी अ‍ॅस्टिल्बीचा ‘डेव्हिडी’ हा प्रकार उंच आणि भडक जांभळट-गुलाबी, शेजारच्या कुठल्याच फुलाशी न जुळणारा. त्याचं सोनं केलं जर्मनीतल्या रोन्सडॉर्फच्या गेओर्ग आरेंड्सने (१८६३-१९५२). फ्रान्समध्ये नान्सीचे रोपवाटिकाकार लेम्वान यांनी अ‍ॅस्टिल्बीचे संकर आधीच केले होते. आरेंड्सने १८८८ मध्ये रोपवाटिका काढली आणि पुढे चिनी रंगाचा जपानी जातींशी संकर करत तो भडकपणा उतरवत नेला. ‘पीच ब्लॉसम’ आणि ‘क्वीन अलेक्झांड्रा’ हे त्याचे सुरुवातीचे गुलाबी वाण. नंतर ‘ऱ्हाइनलांड’, ‘युरोपा’. असे सत्तरहून जास्त वाण त्याच्या नावावर आहेत. बाजारातल्या संकरित अ‍ॅस्टिल्बींच्या मोठ्या गटालाच आज ‘आरेंड्सी’ म्हणतात. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्याची रोपवाटिका उद्ध्वस्त झाली तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. त्याही वयात त्याने ती पुन्हा उभी करायला घेतली. त्याचं हे काम मला नव्या वाणांहून मोठं वाटतं.

पुढे इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लूम या रोपवाटिकाकाराने ‘ब्रेसिंगहॅम ब्यूटी’ आणि बुटकी, फिकट गुलाबी ‘स्प्राइट’ आणली. ‘स्प्राइट’ १९९४ साली अमेरिकेत ‘वर्षातील बहुवर्षायू वनस्पती’ ठरली.

रंग बदलला, ओढ्याकाठचा स्वभाव मात्र गेला नाही. भुसभुशीत, कुजलेल्या पानांनी भरलेली, सतत ओलसर माती आणि दुपारची सावली एवढं तिला लागतंच. उन्हाळ्यात पाणी चुकलं की पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. तीन-चार वर्षांनी गड्डा उकरून, फोडून पुन्हा लावला नाही तर तुरे रोडावतात. शिवाय हिवाळ्यात जमिनीखाली निजायला तिला खरी थंडी हवी. पुण्या-नाशिकच्या चार थंड रात्रींवर तिचं भागत नाही, त्यामुळे इकडच्या कुंडीत तिच्यासाठी जीव पाखडण्यात अर्थ नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ घर असेल आणि रोज पाणी घालणं जमणार नसेल, तर चिनी रक्त जास्त असलेले वाण निवडावेत. ते इतरांपेक्षा थोडे उशिरा फुलतात, पण कोरड बरी सोसतात.