प्रेझलँड: विमानभाड्याच्या वादातून उभं राहिलेलं धार्मिक थीम पार्क

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेत सिम्प्सन कुटुंबाच्या धार्मिक शेजाऱ्याचं, नेड फ्लँडर्सचं ‘प्रेझलँड’ एकाच भागापुरतं येतं. तो भाग ६ मे २००१ रोजी दाखवला गेला. कथेत हे पार्क नेडच्या दिवंगत पत्नीचं, मॉडचं स्वप्न. पण मॉडला मारावं का लागलं? तिला आवाज देणाऱ्या मॅगी रोझवेल डेन्व्हरला राहायला गेल्या होत्या, रेकॉर्डिंगसाठी लॉस एंजेलिसला विमानाने जावं लागे. १९९९ मध्ये त्यांनी मानधनवाढ मागितली. वाहिनीने देऊ केलेल्या वाढीत तिकीटसुद्धा निघत नव्हतं. त्यांनी काम सोडलं आणि फेब्रुवारी २००० मध्ये मॉड गेली.

पार्कमधला विनोद कोरडा आहे. बायबलमधल्या किंग डेव्हिडच्या राइडमध्ये बसलं की यांत्रिक डेव्हिड बायबलमधली स्तोत्रं म्हणू लागतो, तीही सगळी १५०. कंटाळलेले लोक निघायच्या बेतात असतानाच मॉडच्या पुतळ्यापाशी एकेकाला दिव्य दृष्टान्त होऊ लागतात आणि गर्दी उसळते. चमत्कार कसला, खालच्या पाइपमधून गॅस गळत असतो!

यामागचा खरा पूर्वज म्हणजे टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिम बेकर यांचं साउथ कॅरोलायनातलं ‘हेरिटेज यूएसए’. १९७८ मध्ये सुरू झालेलं हे पार्क ऐन भरात असताना अमेरिकेत गर्दीच्या बाबतीत फक्त डिस्नेच्या दोन पार्कांच्या मागे होतं. बुडालं ते हिशेबात. १,००० डॉलर भरा, दरवर्षी तीन रात्री हॉटेलात मोफत राहा, तेही आयुष्यभर, अशी योजना होती. मुख्य हॉटेलात खोल्या जेमतेम ५००. वर्षभर एकही खोली रिकामी ठेवली नाही, तरी ६०,००० च्या आसपासच सभासद मावतात. त्यातही निम्म्या खोल्या इतर गिऱ्हाइकांसाठी राखीव असायच्या होत्या. म्हणून मर्यादा २५,००० ची ठरली होती, पण सभासदत्वं ६०,००० च्याही वर विकली गेली. १९८७ मध्ये बेकर पायउतार झाले, १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली (पुढे ती बरीच कमी झाली), आणि त्याच वर्षी पार्कही बंद पडलं.

ऑर्लँडोचं ‘होली लँड एक्सपीरियन्स’ हे खरंखुरं धार्मिक पार्क प्रेझलँडच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २००१ मध्ये उघडलं. त्यामुळे प्रेझलँड म्हणजे त्याचीच नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. ते पटण्यासारखं नाही. कार्टूनचा एक भाग तयार व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणजे पार्कची दारं उघडली तेव्हा पटकथा हातावेगळी झालेली असणार. ‘होली लँड’ची जागा २०२१ मध्ये एका रुग्णालय-समूहाने विकत घेतली.