शेंडा उंच की बुंधा जाड?

अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 'सगळ्यात तगडी कॉन्फरन्स (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांचा गट) कोणती' हा वाद दर मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी, पेटतो. गंमत म्हणजे भांडणारे दोघे बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टींवर बोलत असतात. एकाच्या डोळ्यांसमोर वरचे एक-दोन संघ, म्हणजे शेंडा असतो, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मधले आणि तळातले, म्हणजे बुंधा.

२०२४-२५ चा हंगाम घ्या. एसीसी या कॉन्फरन्समध्ये १८ संघ. त्यातला ड्यूक कॉन्फरन्समध्ये १९ सामने जिंकला, एकच हरला आणि थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनल फोरमध्ये (उपांत्य फेरीत) पोचला. पण एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या त्याच ६८ संघांच्या स्पर्धेत एसीसीचे संघ किती? चार. तिकडे एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना जागा मिळाली. हा विक्रमच.

डिसेंबरात या दोन कॉन्फरन्स समोरासमोर आल्या होत्या. सोळा सामने झाले आणि एसईसीने १४-२ अशी धूळ चारली. एसीसीचे ते दोन विजय? ड्यूकने ऑबर्नला हरवलं, क्लेमसनने केंटकीला. शेंड्याला धक्का नाही, बुंधा मात्र पोकळ.

कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात हे शोधू नका. आपसातल्या लढतींत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभवच. बेरीज नेहमी निम्मी-निम्मी. एसईसीत साउथ कॅरोलायना २-१६ (दोन विजय, सोळा पराभव), एसीसीत मायामी ३-१७. कागदावर दोघेही सारखेच रडके. पण त्याच साउथ कॅरोलायनाला हरवताना एसईसीतल्याच फ्लोरिडाची दमछाक झाली होती: ७०-६९. पुढे राष्ट्रीय विजेतेपद फ्लोरिडानेच पटकावलं! म्हणून कॉन्फरन्सची खरी ताकद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी होणाऱ्या सामन्यांत कळते.

राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवताना बुंध्याचा फायदा मधल्या संघांना होतो. एनसीएएच्या 'नेट' या क्रमवारीत पहिल्या ७५ मधल्या संघाला त्याच्या कोर्टवर हरवलं, तर तो अव्वल दर्जाचा, 'क्वाड वन' विजय धरतात. स्वतःच्या कोर्टवर मात्र समोरचा पहिल्या ३० मधला लागतो. एसईसीत अशी संधी जवळजवळ दर आठवड्याला यायची. ड्यूकला तिची गरज नव्हती, एसीसीतल्या पाचव्या-सहाव्या संघाला होती.

तरी जाड बुंधा म्हणजे मार्चची हमी नव्हे. २०११ मध्ये बिग ईस्ट या कॉन्फरन्सचे ११ संघ स्पर्धेत होते, तेव्हाचा विक्रम. शेवटच्या सोळांत उरले दोन. लोकांनी मनसोक्त खिल्ली उडवली. त्या दोघांतला एक होता कॉन्फरन्समध्ये ९-९ वर अडकलेला कनेक्टिकट, आणि अंतिम सामन्यात बटलरला ५३-४१ ने हरवून विजेतेपद त्यानेच नेलं.